पोकरची साइट पारखताना: पैसे कोणाकडे, पत्ते कोण पिसतं, समोर कोण बसलंय

ऑनलाइन पोकर कुठे खेळावं असं कुणाला विचारलं की उत्तर बहुतेक वेळा बोनसपासून सुरू होतं. अमुक साइट भरलेल्या पैशांइतकेच पैसे वर देते, तमुकचं अ‍ॅप झकास आहे, तिकडे नवखे खेळाडू जास्त येतात. यातलं काही खोटं नसतं, पण ज्या गोष्टी शेवटी बघायच्या त्या आधी सांगितलेल्या असतात.

पोकरमध्ये तुम्ही साइटशी खेळत नाही. रूलेटवर हरलेला पैसा कॅसिनोचा होतो, पोकरमध्ये तो समोरच्या खेळाडूकडे जातो आणि साइट मधल्यामध्ये आपला वाटा कापून घेते. कोण जिंकलं, कोण हरलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून पुष्कळ जणांना वाटतं, साइट कशाला फसवेल? तिला तर बसल्या जागी मिळतंय. पण साइट एकाच वेळी तीन कामं करते. सगळ्यांचे पैसे तिच्या तिजोरीत असतात, पत्ते तीच पिसते आणि वाटते, आणि लबाडीची तक्रार आली तर न्यायनिवाडाही तीच करते. गणपतीच्या जागरणाला रमीचा डाव बसतो तेव्हा ही तिन्ही कामं दहा डोळ्यांसमोर चालतात. पडद्यामागे यातलं काहीच दिसत नाही. साइट निवडायची म्हणजे या तीन कामांसाठी कोणावर विसंबायचं ते ठरवायचं.

त्याच्याही आधी एक प्रश्न आहे: तुम्ही बसला आहात कुठे?

भारतात असाल तर

भारतात बसून पैसे लावून खेळण्यासाठी कायदेशीर साइट शोधत असाल, तर शोध इथेच थांबतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा आपल्याकडच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं घोळलेला वाद या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावून, पैसे मिळण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ असला की बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाख. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. कायदा होताच पोकरबाझी, अड्डा५२ यांसारख्या कंपन्यांनी पैशांची टेबलं बंद केली.

मग उरतात परदेशातून चालणाऱ्या साइट आणि व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर फिरणारे 'क्लब'. क्लबचा प्रकार असा, की अ‍ॅपमध्ये नुसत्या खेळण्यातल्या चिप्स असतात आणि त्यांचा खरा हिशेब एखादा एजंट यूपीआयवर किंवा क्रिप्टोत करतो. इथे कंपनी नाही, परवाना नाही, पावती नाही. एजंटने फोन उचलणं बंद केलं की विषय संपला. त्याहून वाईट शक्यता अशी, की तुमच्या जिंकलेल्या रकमेचे पैसे ज्या खात्यातून येतात ते खातं भलत्याच कुणाच्या नावावर, भलत्याच फसवणुकीत वापरलेलं असतं. त्या फसवणुकीची तक्रार सायबर पोलिसांकडे गेली की पैशांच्या मागावर तुमचंही खातं गोठवलं जातं, आणि ते सोडवताना 'हे पैसे पोकरचे आहेत' हे सांगायची सोय नसते. 'खेळणाऱ्याला शिक्षा नाही' या वाक्यावर विसंबून तिथे जाऊ नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

खेळ शिकायचाच असेल तर फुकट चिप्सवर खेळायला कायद्याची आडकाठी नाही. तिथे पैशांची धास्ती नसल्याने लोक कुठल्याही पानांवर सगळं लावतात हे खरं, पण नियम, क्रम आणि वेग अंगवळणी पडतो. आणि समोरासमोर बसून, पैसे लावून खेळायचं तर गोवा आहेच. तिथल्या जुगारविषयक १९७६ च्या कायद्यात नंतर झालेल्या बदलांमुळे कॅसिनोला परवाने मिळाले आणि मांडवीतल्या बोटींवर पोकरची टेबलं लागतात. महाराष्ट्राने त्याच वर्षी कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

परदेशात असाल तर

परदेशातल्या मराठी माणसाचं गणित गावागणिक बदलतं. एडिसनला राहणाऱ्याला न्यू जर्सीत २०१३ पासून परवानाधारक साइट उपलब्ध आहेत. कॅलिफोर्नियात मराठी मंडळी पुष्कळ आणि पत्त्यांचे कायदेशीर क्लबही पुष्कळ, पण राज्याचा परवाना असलेली ऑनलाइन पोकर साइट एकही नाही. लंडनला ब्रिटनच्या जुगार आयोगाचा परवाना बघायचा. टोरांटोला असाल तर ऑन्टेरियो प्रांताने एप्रिल २०२२ मध्ये खुल्या केलेल्या बाजारातल्या साइट बघायच्या. ऑस्ट्रेलियात २०१७ च्या दुरुस्तीनंतर ऑनलाइन पोकर देणंच बेकायदा ठरलं आणि मोठ्या कंपन्या निघून गेल्या. सिंगापुरात तर विनापरवाना साइटवर खेळणाराही गुन्हेगार ठरतो.

नियामकाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी असते. साइटच्या तळाशी चिकटवलेलं बोधचिन्ह पाहून खुश होऊ नका, ते कुणीही चिकटवू शकतो. यादीत जाऊन कंपनीचं नाव आणि वेबपत्ता दोन्ही जुळतात का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि व्हीपीएन लावून 'मी न्यू जर्सीत आहे' असं भासवण्याचा मोह टाळा. परवानाधारक साइट तुमचं ठिकाण तपासतात आणि त्यांच्या अटींत अशा खात्यातले पैसे जप्त करण्याची तरतूद असते. हरलात तर कुणी विचारत नाही, मोठी रक्कम जिंकून काढायला गेलात की तपास सुरू होतो. म्हणजे तोटा तेवढा तुमचा आणि नफा अधांतरी.

तिजोरी: एकाच दिवशी अडकलेल्या दोन साइट

पैसे कुठे ठेवले जातात हा प्रश्न किती मोठा आहे ते कळायला १५ एप्रिल २०११ हा दिवस पुरेसा आहे. पोकरवाले त्याला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला एक हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पोकरच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेपर्यंत, म्हणजे वर्ल्ड सिरीजपर्यंत, पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. (आडनाव खरंच तेच.) त्यानंतर ऑनलाइन पोकरला पूर आला. २००६ मध्ये अमेरिकेने बेकायदा ऑनलाइन जुगारासाठी पैशांची देवाणघेवाण रोखणारा कायदा केला. काही कंपन्यांनी अमेरिका सोडली. पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर मात्र आडमार्गाने पैसे घेत राहिल्या. १५ एप्रिलला न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी या तिन्हींविरुद्धचं आरोपपत्र उघड केलं आणि त्यांची डॉट कॉम संकेतस्थळं ताब्यात घेतली.

आरोपपत्र एकच, दिवस एकच. पुढे काय झालं ते बघा. पोकरस्टार्सने सरकारशी बोलणी करून अमेरिकी खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांत परत केले, कारण ते पैसे कंपनीच्या खर्चाच्या पैशांपासून वेगळे ठेवलेले होते. फुल टिल्टकडे परत करायला पैसेच नव्हते. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार ३१ मार्च २०११ ला फुल टिल्ट जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती, आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. एप्रिल २००७ पासूनच्या चार वर्षांत मालक आणि संचालकांना ४४ कोटी डॉलरच्या आसपास वाटले गेले होते. त्यात भर अशी, की बँका पैसे पुढे पाठवेनाशा झाल्यावर कंपनीने खेळाडूंच्या खात्यातून रक्कम प्रत्यक्ष न वळवताच त्यांना चिप्स दिल्या. टेबलावर दिसणाऱ्या कित्येक कोटींच्या चिप्समागे खरे पैसे कधी आलेच नव्हते. लोक ते 'पैसे' एकमेकांकडून जिंकत होते आणि हरत होते. सरकारी वकील प्रीत भरारा यांनी या कारभाराला जगभर पसरलेली पॉन्झी योजना, म्हणजे नव्यांच्या पैशांतून जुन्यांना भागवण्याची फसवणूक, म्हटलं.

फुल टिल्टला परवाना नव्हता असं समजू नका. अल्डर्नी या इंग्लिश खाडीतल्या छोट्या बेटाचा परवाना होता. तो जून २०११ मध्ये, म्हणजे घोडा पळून गेल्यावर, निलंबित झाला आणि सप्टेंबरमध्ये रद्द झाला. शेवटी २०१२ मध्ये पोकरस्टार्सनेच सरकारशी ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली, त्यात फुल टिल्टची मालमत्ता घेतली आणि अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंची देणी फेडली. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे मिळायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०१४ मध्ये. अ‍ॅब्सोल्यूट पोकरच्या लोकांना तर २०१७ पर्यंत थांबावं लागलं.

यावरून परवाना निरुपयोगी असं ठरत नाही. परवाना देणारा नेमकं काय तपासतो हे बघायचं, असं ठरतं. ब्रिटनमध्ये यासाठी एक सोय आहे. प्रत्येक परवानाधारकाला आपल्या अटींत सांगावं लागतं, की कंपनी बुडाली तर ग्राहकांच्या पैशांना संरक्षण किती. तीन पायऱ्या आहेत: संरक्षण नाही, मध्यम आणि उच्च. 'उच्च' म्हणजे पैसे स्वतंत्र विश्वस्त खात्यात आणि त्यावर बाहेरच्यांची देखरेख. 'संरक्षण नाही' असं लिहूनही परवाना मिळतो, आणि हे वाक्य अटींच्या जंगलात कुठेतरी असतं. शोधा, ते सापडतं. न्यू जर्सीतही खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. याउलट कॅरिबियनमधल्या क्युरासाओचा परवाना वर्षानुवर्षं स्वस्त आणि सैल म्हणून ओळखला गेला. तिथे नवा कायदा २०२४ च्या अखेरीस आला. अशा परवान्याच्या साइटवर तक्रार घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

बँकेशी तुलना केली तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती, मुंबई-ठाण्यात लोक रस्त्यावर आले. तरी बँकेच्या ठेवीला विमा असतो आणि २०२० पासून तो ५ लाखांपर्यंत आहे. पोकर साइटवरच्या शिल्लकीला असा सरकारी विमा नसतो. म्हणून साइटवर तेवढेच पैसे ठेवावेत जेवढे टेबलावर लागतात.

पैसे बाहेर कसे निघतात

पैसे आत घेण्यात सगळ्याच साइट तरबेज असतात. परीक्षा पैसे काढताना होते. थोडी रक्कम भरा, चारदोन दिवस खेळा आणि मग पैसे काढायला अर्ज टाका. काढायची गरज नसली तरी टाका. ओळखपत्राची तपासणी पहिल्यांदा होईल, त्यात एकदोन दिवस जातील, ते ठीक. पण तपासणी पूर्ण झाल्यावर नवनवी कागदपत्रं मागणं, 'तांत्रिक अडचण' सांगणं, किंवा अर्ज रद्द करून पैसे पुन्हा टेबलावर आणल्यास बोनस देऊ असं आमिष दाखवणं, ही लक्षणं बरी नव्हेत. कोणत्या मार्गाने, किती दिवसांत, किती शुल्क कापून आणि कमीत कमी किती रक्कम काढता येते, हे पैसे भरण्याआधी वाचता यायला हवं.

लॉक पोकर नावाच्या साइटचं उदाहरण यासाठी शिकण्यासारखं आहे. तिथले पैसे निघायला आधी आठवडे, मग महिने लागू लागले. खेळाडू आपली तिथली शिल्लक एकमेकांना दर्शनी किमतीपेक्षा बऱ्याच कमी भावात विकू लागले. साइटवरचा एक डॉलर बाहेर एक डॉलरला जात नाही, याहून स्पष्ट खूण कुठली असणार? तरी साइट सुरू राहिली, बोनस देत राहिली, नवे लोक येत राहिले. एप्रिल २०१५ मध्ये ती बंद पडली आणि लोकांचे पैसे तिच्याबरोबर गेले.

पत्ते पिसणारं यंत्र

'ऑनलाइन पोकर फिक्स असतं' ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. हातात दोन एक्के असताना सातअठ्ठावाला शेवटच्या पानावर जिंकून गेला की माणसाला असं वाटतंच. पण दोन एक्के असले तरी अशा सातअठ्ठ्याविरुद्ध ढोबळपणे दर पाच डावांत एकदा हरायला होतं, आणि ऑनलाइन तासाला इतके डाव होतात की असे प्रसंग रोजचेच वाटतात. यंत्राबद्दल खरी शंका घ्यायची जागा वेगळी आहे.

५२ पत्ते किती प्रकारे पिसता येतात? आकडा साधारण ८ वर ६७ शून्यं एवढा आहे. संगणक मात्र एका सुरुवातीच्या आकड्यापासून पुढचे 'यादृच्छिक' आकडे तयार करतो. तो सुरुवातीचा आकडा लहान असेल, तर शक्य असलेले डावही तेवढेच. १९९९ मध्ये प्लॅनेट पोकर या सुरुवातीच्या साइटवर हेच घडलं. आपलं पिसणं किती निर्दोष आहे हे दाखवायला सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पिसण्याची कृती उघड प्रसिद्ध केली होती. संगणक-सुरक्षेचं काम करणाऱ्या काही जणांनी ती वाचली. सुरुवातीचा आकडा मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून घेतला जात होता. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख, म्हणजे डावही जास्तीत जास्त तेवढेच. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून त्यांनी शक्यता सुमारे २ लाखांवर आणल्या. मग आपली दोन पानं आणि टेबलावरची, सगळ्यांसाठी असलेली पहिली तीन उघडी पानं माहीत झाली, की सगळ्यांच्या हातातलं आणि पुढे येणारं प्रत्येक पान सांगता येत होतं. त्यांनी पैसे लुटले नाहीत, दोष जाहीर केला आणि तो दुरुस्त झाला.

आज गंभीर साइट पत्ते पिसायला अंदाज बांधता न येणारे, यंत्राच्या भौतिक हालचालींतून मिळणारे आकडे वापरतात आणि बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतात. गेमिंग लॅबोरेटरीज इंटरनॅशनल, आयटेक लॅब्स, ईकोग्रा ही त्यातली नावं. प्रमाणपत्र आहे का आणि ते कोणत्या सालचं आहे, एवढं बघितलंत तरी पुरे. सामान्य खेळाडूला यापुढे जाऊन तपासता येण्यासारखं फार काही नाही.

खरी मोठी चोरी पिसण्यात झालीच नाही. ती झाली पानं बघण्यात. अ‍ॅब्सोल्यूट पोकरवर २००७ मध्ये एका खात्याने एक स्पर्धा अशा थाटात जिंकली, की जणू त्याला समोरच्याची पानं दिसत होती. दुसऱ्या आलेल्या खेळाडूने साइटकडे आपल्या डावांची नोंद मागितली. त्याला जी फाइल मिळाली तिच्यात चुकून सगळ्यांचीच पानं आणि बघ्यांचे तपशीलही होते. ती खेळाडूंनी मिळून उलगडली आणि कळलं की आतल्या माणसाला खरंच सगळी पानं दिसत होती. भगिनी साइट अल्टिमेटबेटवर तर हा प्रकार २००४ ते २००८ चालला. कॅनडातल्या कानावाके जुगार आयोगाने यामागचा मुख्य माणूस म्हणून रस हॅमिल्टनचं नाव घेतलं, जो १९९४ च्या वर्ल्ड सिरीजचा विजेता होता. खेळाडूंना २ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत द्यावी लागली.

दोन्ही वेळा चोरी पकडली ती खेळाडूंनी, आणि डावांच्या नोंदींवरून. म्हणून मी ज्या एका सोयीवर अडून बसेन ती हीच: साइट तुम्हाला तुमच्या सगळ्या डावांची नोंद सहज उतरवून घेऊ देते का? काही साइट खेळाडूंची नावं लपवतात, दर टेबलाला नवं नाव. नवख्यांना तरबेज खेळाडूंनी हेरू नये असं कारण त्या देतात आणि त्यात तथ्यही आहे. पण कुणी लबाडी करत असेल तर तीही त्याच पडद्याआड राहते. अशा साइटवर सगळा भरवसा तिच्या स्वतःच्या तपासावर ठेवावा लागतो.

समोर माणूस आहे का?

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रणालीने चार नामांकित खेळाडूंना वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवलं. ते दोघांचं पोकर होतं. २०१९ मध्ये प्लुरिबस या तशाच प्रणालीने सहा जणांच्या टेबलावरही तेच करून दाखवलं. ही संशोधनाची कामं होती, पण त्यांच्या मागच्या कल्पना आज बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यामुळे समोर पूर्ण यंत्र बसलेलं असू शकतं, किंवा माणूस बसलेला असून बाजूच्या पडद्यावरून उत्तरं वाचत असू शकतो. दुसरा प्रकार पकडायला जास्त अवघड.

याशिवाय जुनी दुखणी आहेतच. दोघं भिडू फोनवर एकमेकांना पानं सांगतात, किंवा एकच माणूस दोन खात्यांवरून एकाच स्पर्धेत बसतो. साइट या सगळ्याचं काय करते हे बाहेरून कसं कळणार? तिची सुरक्षा तुकडी आहे का, बंद केलेल्या खात्यांबद्दल ती काही प्रसिद्ध करते का, आणि लबाडांकडून जप्त केलेले पैसे नुकसान झालेल्या खेळाडूंना वाटते का, हे बघा. 'तुमच्या खात्यात १४ डॉलर जमा केले आहेत, कारण अमुक खेळाडूने नियम मोडला होता' अशी पत्रं खेळाडूंना येत असतील तर साइटवर लबाड आहेत म्हणून घाबरू नका. लबाड सगळीकडे असतात, इथे ते पकडले जातायत. जिथे कधीच कुणी पकडलं जात नाही त्या साइटची मला जास्त धास्ती वाटेल.

वाटा आणि बोनस

साइट दर पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) जो वाटा कापते त्याला 'रेक' म्हणतात. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्यावर चालक घेतो तीच 'नाल'. दर साधारण ५ टक्के आणि त्याला वर मर्यादा. पहिली तीन उघडी पानं येण्याआधीच डाव संपला तर बहुतेक ठिकाणी काही कापत नाहीत. ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. समजा तुम्ही २५-५० सेंटच्या (डाव सुरू होताना दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा), सहा जणांच्या टेबलावर आहात, तासाला ७० डाव होतात आणि दर डावामागे सरासरी २५ सेंट कापले जातात. तासाला साडेसतरा डॉलर टेबलावरून कायमचे गेले. तिथे पूर्ण रकमेने बसायला ५० डॉलर लागतात. म्हणजे तीन तास होण्याआधीच एका खेळाडूची अख्खी पुंजी साइटच्या खिशात गेलेली असते, कुणीही हरलं-जिंकलं तरी. लहान टेबलांवर वरची मर्यादा क्वचित लागते, त्यामुळे लावलेल्या पैशांच्या मानाने हा वाटा तिथेच सर्वांत जड पडतो. दोन साइटची तुलना करताना टक्केवारीबरोबर तुमच्या टेबलावरची ही वरची मर्यादा बघा. स्पर्धेत हिशेब सोपा असतो: '१० + १ डॉलर' लिहिलं असेल तर १ डॉलर साइटचा.

आता बोनस. समजा २०० डॉलर भरल्यावर २०० डॉलर बोनस आहे. बारीक अक्षरात लिहिलंय की तुमच्याकडून ५ डॉलर रेक गोळा झाला की १ डॉलर सुटेल, मुदत ३० दिवस. पूर्ण बोनस सोडवायला १,००० डॉलर रेक भरावा लागेल. वरच्याच टेबलावर तुमच्या वाट्याचा रेक तासाला तीन डॉलरलाही पोहोचत नाही. म्हणजे सुमारे ३४० तास, महिनाभर रोज अकरा तासांहून जास्त. बोनसच्या जाहिरातीत हा भागाकार कुणी करून दाखवत नाही. प्रत्यक्षात बोनस म्हणजे रेकमध्ये वीस टक्के सूट, तीही महिनाभर. तेवढीच सूट कायमस्वरूपी देणारी साधी साइट त्याहून परवडते.

गर्दीचा मुद्दा थोडक्यात. तुम्हाला ज्या वेळी वेळ मिळतो त्या वेळी, तुमच्या रकमेच्या टेबलांवर माणसं आहेत का ते लॉबी (टेबलांची यादी) उघडून बघा. रिकाम्या साइटवर तेच चार तरबेज लोक नवख्याची वाट बघत बसलेले असतात. अमेरिकेत हा प्रश्न तीव्र आहे, कारण प्रत्येक राज्याचे खेळाडू वेगळ्या कुंपणात होते. नेवाडा, डेलावेअर, न्यू जर्सी, मिशिगन, वेस्ट व्हर्जिनिया आणि २०२५ पासून पेनसिल्व्हेनिया आता खेळाडू एकत्र आणण्याच्या एका करारात आहेत, पण टेबलं प्रत्यक्षात जोडली गेली आहेत की नाहीत हे साइटगणिक वेगळं असतं. अ‍ॅपचं रूपडं, रंग, टाळ्यांचे आवाज यावर मी एक वाक्यही खर्च करणार नाही.

कराचं मात्र विसरू नका. ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर कर नाही. अमेरिकेत आहे, आणि २०२५ च्या नव्या कायद्याने २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या फक्त ९० टक्केच वजावट मिळते. वर्षभरात १ लाख डॉलर जिंकून तेवढेच हरलेल्या माणसाच्या हातात काही उरलेलं नसतं, तरी १०,००० डॉलरवर कर लागू शकतो. न्यू जर्सीत बसून गंभीरपणे खेळणाऱ्याने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी.

खातं उघडताना आणखी एक पान शोधा, बहुतेक लोक ते उघडतच नाहीत: स्वतःवर मर्यादा घालण्याचं. आठवड्याला किती पैसे भरता येतील, सलग किती वेळ खेळता येईल, हे तिथे ठरवता येतं. मर्यादा कमी केली तर लगेच लागू व्हावी आणि वाढवायची झाली तर थांबावं लागावं, अशी रचना असलेली साइट चांगली. जिथे हे पान चार मेनूंच्या आत दडवलंय आणि 'पैसे भरा' हे बटण मात्र प्रत्येक पडद्यावर आहे, ती सोडून द्या. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप नावाची सोय आहे. तिथे नाव नोंदवलं की तिथल्या सगळ्या परवानाधारक साइट तुम्हाला बंद होतात. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं निवडता येते आणि ती संपण्याआधी, कितीही विनवण्या केल्या तरी, नाव काढता येत नाही.